किनाऱ्यावरचे गाणे आणि गाणारीचे नाव

वैशाख लागला की चिपळुणात राहणाऱ्याला समुद्राची आठवण येऊ लागते. शहर वाशिष्ठीच्या खोऱ्यात वसलेले, सभोवार डोंगर. त्यामुळे वारा सहसा इकडे फिरकत नाही. मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, मुलांना सुट्टी असते, आणि संध्याकाळ झाली की ज्याला शक्य असेल तो गुहागरची वाट धरतो. घाट-वळणांचा तो रस्ता संपून सुरूच्या झाडांतून पहिला खारा वारा अंगावर आला, म्हणजे उन्हाळ्याचा शीण निम्मा उतरतो.

मागच्या एका उन्हाळ्यात त्याच बाजूचे काही तरुण आमच्याकडे आले. मे महिन्यात किनाऱ्यावर दोन संध्याकाळी संगीताचा महोत्सव भरवावा, आणि त्यात केवळ स्त्री-कलावंतांनीच गावे-वाजवावे, अशी त्यांची कल्पना होती. आम्हांला गाण्याची आवड आहे हे त्यांच्या कानी गेलेले असावे. कल्पना आम्हांला मनापासून आवडली. महोत्सवाला नाव काय द्यावे असा प्रश्न निघाला, तेव्हा आम्ही सहज सुचवले, "हिराबाई पेडणेकरांचे नाव द्या. पालशेत काही दूर नाही."

क्षणभर सगळे गप्प झाले. मग त्यांच्यातले वयाने मोठे असलेले एक गृहस्थ नम्रपणे म्हणाले, "फादर, बाई मोठ्या होत्या, हे खरं. पण नाव दिलं की त्या कोण होत्या, हे सांगावं लागेल. माणसं घरच्या लेकीसुनांना घेऊन येणार. उगाच कुजबूज कशाला?"

त्या वेळी आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. ते गृहस्थ दुष्ट नव्हते. किंबहुना बाईंची अब्रू झाकावी अशीच त्यांची भावना असावी. तथापि त्यांचे वाक्य आमच्या मनात राहिले. ते उत्तर शोधताना या किनाऱ्याचा जो इतिहास आम्हांला पुन्हा वाचावा लागला, तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेख.

हिराबाई पेडणेकर यांचा जन्म १८८५ साली सावंतवाडीचा. त्या नायकिणींच्या घराण्यातल्या. बालपणीच त्या मुंबईस आल्या आणि गिरगावात राहिल्या. ज्या काळात भल्या घरच्या मुलींनाही शाळा दुर्मीळ होती, त्या काळात त्यांनी साहित्याचे वाचन केले, भास्करबुवा बखल्यांसारख्या श्रेष्ठ गवयाकडून गाणे घेतले, कविता लिहिल्या, आणि १९०४ साली वयाच्या विशीच्या आत 'जयद्रथ विडंबन' हे नाटक लिहिले. पुढे १९१२ सालचे 'संगीत दामिनी'. हे नाटक केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले. मराठीतल्या आद्य स्त्री-नाटककारांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी यांच्यासारखे लेखक त्यांच्या परिचयातले. नाट्यपदांना चाल लावण्याइतके गाणे अंगी, आणि संवाद लिहिण्याइतकी भाषा. असा योग त्या वेळी पुरुषांतही वारंवार आढळत नसे.

असे असूनही या बाईंनी मुंबईची वर्दळ सोडली आणि त्या गुहागरजवळच्या पालशेतला येऊन राहिल्या. नेने या गृहस्थांच्या सोबतीने त्यांनी तेथे उरलेले आयुष्य काढले. १९५१ साली त्यांचे निधन झाले. पुढे वसंत कानेटकरांनी त्यांच्या जीवनावरून 'कस्तुरीमृग' हे नाटक लिहिले, म्हणून नाट्यरसिकांना त्यांची थोडीबहुत ओळख राहिली. पालशेत हे प्राचीन बंदरांच्या इतिहासात गणले जाणारे गाव. परंतु मराठी नाटकाच्या इतिहासातही त्याला जागा आहे, हे गुहागरला जाणाऱ्या किती प्रवाशांना ठाऊक असते?

त्या काळाची रंगभूमी डोळ्यांपुढे आणली पाहिजे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. शकुंतला, सुभद्रा, रुक्मिणी यांची पदे घरोघर म्हटली जाऊ लागली. मात्र रंगमंचावर ती गात होते पुरुष. भाऊराव कोल्हटकर, नंतर बालगंधर्व, आणि स्वतः केशवराव भोसलेही स्त्री-भूमिकांसाठी वाखाणले गेले. म्हणजे हिराबाईंनी लिहिलेल्या नायिकेला रंगमंचावर उभे राहायला मिळाले. तेही पुरुषाच्या रूपाने. आपल्या रत्नागिरीतल्या नमन-खेळ्यांतही गौळणी म्हणून पुरुषच नटत आले. स्त्रीला गाणे वर्ज्य होते असे नव्हे. जात्यावर, फुगडीत, लग्नाच्या मांडवात ती गातच होती. वसईच्या आमच्या ख्रिस्ती घरांतही लग्नगीते स्त्रियांनीच जपली. परक्या माणसांसमोर बसून, आपल्या नावानिशी, कलावंत म्हणून गाणे मात्र घरंदाज स्त्रीस शक्य नव्हते. ज्यांना ते शक्य होते, त्यांना समाजाने घरंदाजपणाच्या बाहेर ठेवले होते.

गोव्यापासून सावंतवाडीपर्यंतच्या पट्ट्यात ही व्यवस्था देवळांशी बांधलेली होती. कलावंतीण म्हणून जन्मलेल्या मुलीने देवाच्या सेवेत, उत्सवांत, पालखीपुढे गावे; लग्न करू नये; आणि एखाद्या धनिकाच्या आश्रयाने राहावे. या रीतीत स्त्रीची जी पिळवणूक होती तिला सोज्वळ शब्दांचे पांघरूण घालणे हे पाप ठरेल. परंतु दुसरीही एक गोष्ट तितकीच खरी आहे. अभिजात संगीत स्त्रीच्या कंठात पिढ्यान्पिढ्या जिवंत राहिले, ते मुख्यतः याच घरांत. बारा-बारा वर्षे तालीम घेण्याची सवड, गुरूला घरी ठेवून घेण्याची पद्धत, आईकडून मुलीकडे जाणारी बंदिशींची शिदोरी, हे सारे तेथे होते. ज्या भिंतींनी त्यांना कोंडले, त्याच भिंतींआड गाणे टिकले.

या स्त्रियांची आडनावे पाहावीत. केरकर, कुर्डीकर, मालपेकर, पेडणेकर. कोकण-गोव्यात गावावरून आडनाव घेण्याची रीत सर्वांचीच आहे, हे आम्ही जाणतो. तरीपण ज्या मुलीला वडिलांचे नाव लावता येत नसे, तिच्यासाठी गावाचे नाव हीच एक ओळख उरत असे. अंजनीबाई मालपेकर (१८८३–१९७४) या पेडणे महालातल्या मालप्याच्या. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना आपली अधिछात्रवृत्ती, म्हणजे अकादमीचा सर्वोच्च सन्मान, दिला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. मालपे हे लहानसे गाव अशा रीतीने दिल्लीच्या सन्मानपटावर लिहिले गेले. ज्या गावांनी या मुलींना उंबऱ्याबाहेर ठेवले, त्या गावांची नावे त्यांनी देशभर नेली.

यांतले सर्वांत दूर गेलेले नाव केसरबाईंचे. फोंड्याजवळच्या केरी गावी १३ जुलै १८९२ रोजी त्यांचा जन्म झाला. लहानपणी कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने, मग गोव्यात रामकृष्णबुवा वझ्यांकडे, मुंबईत बर्कतुल्ला खाँ व भास्करबुवा बखल्यांकडे, असे त्यांचे शिक्षण तुटक तुटक होत गेले. १९२१ पासून मात्र अल्लादिया खाँसाहेबांची तालीम लाभली आणि ती १९४६ साली खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत चालू राहिली. जयपूर-अत्रौली घराण्याची ती अवघड, गुंफलेली गायकी त्यांनी अशी पेलली की 'सूरश्री' ही पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. १९६९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

१९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने 'व्हॉयेजर' ही दोन अवकाशयाने सोडली. परक्या जीवसृष्टीला मानवाची ओळख पटावी म्हणून त्यांवर जगातल्या निवडक संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवली आहे. तिच्यावर भारताचे एकच गाणे आहे, केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. दुसरे यान सुटल्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई निवर्तल्या. बाखच्या आणि बीथोव्हेनच्या शेजारी बसलेला तो आवाज आज सूर्याच्या प्रभावक्षेत्रापलीकडे पोहोचला आहे. अशा बाईंचे नाव घेताना आपण खाली बघावे काय?

मोगूबाईंची कथा याहून शांत, आणि आम्हांला तर अधिक हृदयस्पर्शी वाटते. १५ जुलै १९०४ रोजी जन्मलेल्या मोगूबाई दक्षिण गोव्यातल्या कुर्डीच्या. मुलीने गायिका व्हावे ही आईची इच्छा होती. ती आई मोगूबाई दहा वर्षांच्या असतानाच वारली. पोटासाठी नाटक कंपनीत काम. तीही सातारकर स्त्री संगीत मंडळी, जिथे पुरुषांच्या भूमिकादेखील स्त्रियाच करीत. सांगलीत एकटीच रियाज करीत असता अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांचा सूर ऐकला आणि आपण होऊन शिकवू लागले. मध्ये तालीम तुटली, हालअपेष्टा झाल्या; पण बाईंनी गाणे सोडले नाही. १९७४ साली त्या पद्मभूषण झाल्या. १० फेब्रुवारी २००१ रोजी त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या कन्या किशोरीताई आमोणकर मैफलीच्या अटींबाबत कठोर म्हणून प्रसिद्ध होत्या. आईच्या मागे तंबोरा धरून प्रवास करताना, गायिकेला मिळणारी बिदागी, उतरायची जागा आणि तिसऱ्या वर्गाचा प्रवास त्यांनी लहानपणी पाहिला होता. तेव्हाच आपण असे वागवून घ्यायचे नाही, असा निश्चय केल्याचे त्या सांगत. २०१७ साली त्या गेल्या. ज्यांना त्यांचा ताठा दिसला, त्यांनी त्या ताठ्याचे मूळही पाहावे.

कुर्डी गाव आज नकाशावर नाही. साळावली धरण झाले आणि गेल्या शतकाच्या नवव्या दशकात ते पाण्याखाली गेले. माणसे वाडे आणि वालकिणीला जाऊन राहिली. पण उन्हाळ्यात, मे महिन्यात, जलाशय आटतो आणि गाव वर येते. घरांची जोती, वाटा, विहिरी, देऊळ, आणि आमच्या लोकांचे कपेलही. तेव्हा विखुरलेले कुर्डीकर परत येतात. हिंदू सोमेश्वराचा उत्सव करतात, ख्रिस्ती आपल्या कपेलाचे फेस्त करतात, आणि मोगूबाईंचे घर कोठे होते ते मुलांना दाखवतात. पाऊस आला की सारे पुन्हा बुडते. उन्हाळी उत्सवाचा याहून खरा अर्थ आम्हांला ठाऊक नाही. जे झाकले गेले होते ते काही दिवस उघडे करायचे आणि त्याच्याभोवती एकत्र यायचे.

हे सारे लिहिताना दुसऱ्यांकडेच बोट दाखवणे आम्हांला शोभणार नाही. आमच्या धर्मपरंपरेत संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया, म्हणजे एक स्त्री. तिच्याच सणादिवशी, २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीतावरचे आपले पत्र काढले. त्यात जुन्या लॅटिन स्तोत्रगायनाचे पुनरुज्जीवन केले हे मोठे कार्य. पण स्त्रियांना गायकवृंदात घेऊ नये, उंच स्वरांसाठी मुलगे घ्यावेत, हेही त्याच पत्रात आहे. म्हणजे हिराबाई आपले पहिले नाटक लिहीत होत्या त्याच सुमारास. ही बंदी सैल व्हायला १९५५ साल उजाडावे लागले, आणि द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर १९६७ च्या सूचनापत्राने स्त्रियांच्या गायकवृंदाला मोकळेपणाने मान्यता दिली.

त्याही आधी, ११७८ साली, जर्मनीतल्या बिंगेनच्या हिल्डेगार्ड या वयोवृद्ध मठमातेवर व तिच्या भगिनींवर माइन्त्सच्या धर्माधिकाऱ्यांनी गाण्याची बंदी घातली होती. बहिष्कृत ठरलेल्या एका सरदाराला मठाच्या भूमीत पुरले आणि ते प्रेत उकरून काढायला त्यांनी नकार दिला, हा अपराध. तिने त्या अधिकाऱ्यांना पत्र लिहून गाणे बंद पाडणे म्हणजे काय, हे खडसावून विचारले. पुढच्या वर्षी बंदी उठली. २०१२ साली त्याच हिल्डेगार्डला पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून गौरवले. मध्ये आठ शतके गेली.

व्हेनिसच्या समुद्रकाठी 'पिएता' नावाचे अनाथालय होते. १७०३ पासून विवाल्दी हे धर्मगुरू तेथे संगीत शिकवीत. टाकून दिलेल्या त्या मुली इतके उत्तम गात-वाजवीत की युरोपभरचे प्रवासी ऐकायला येत. पण मुली बसत त्या जाळीच्या आड. त्यांना आडनाव नव्हते. वाद्यावरून त्यांची ओळख पटे. एक विख्यात वादिका 'व्हायोलिनवाली ॲना मारिया' म्हणूनच इतिहासात राहिली. केरकर, कुर्डीकर ही नावे वाचताना आम्हांला तिची आठवण झाली.

आणखी एक आठवण गोव्यातल्या आमच्याच घरांची. तिथल्या ख्रिस्ती मंडळींनी एकोणिसाव्या शतकात 'देखणी' हा गीतप्रकार रचला. त्यातल्या सर्वांत लोकप्रिय गीतात एक कलावंतीण लग्नघरी जाण्यासाठी नावाड्याला नदीपार नेण्याची विनवणी करते. ख्रिस्ती दिवाणखान्यांत ते पिढ्यान्पिढ्या हौसेने गाइले गेले, पुढे त्याच्या चालीवर हिंदी चित्रपटातही गाणे झाले. गीतात कलावंतीण आपल्याला चालत होती. ती खरोखरीच दाराशी येऊन उभी राहिली असती, तर दिवाणखान्यात तिला बसायला खुर्ची मिळाली असती का, याचे उत्तर ज्याने त्याने द्यावे.

विसाव्या शतकात सुधारणा झाली, आणि ती होणे अत्यावश्यक होते. कलावंत समाजातल्याच विचारी माणसांनी पुढाकार घेतला, गोमंतक मराठा समाज उभा राहिला, मुली शाळेत जाऊ लागल्या, लग्ने होऊ लागली; १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. त्याच सुमारास, १ जुलै १९३३ रोजी, 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आले आणि ज्योत्स्ना भोळे व पद्मा वर्तक यांनी स्त्री-भूमिका स्वतः केल्या. हिराबाई बडोदेकरांनी हावभाव टाळून, शांतपणे बसून गाणे मांडले आणि स्त्रीच्या मैफलीला प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु सुधारणेची एक किंमतही होती. नव्या घरात सून म्हणून जाताना पुष्कळ मुलींना तंबोरा जुन्या घरी ठेवावा लागला, कारण गाणे म्हटले की भूतकाळ उघडा पडे. ज्या कुजबुजीची भीती आमच्या त्या गृहस्थांना वाटली, तीच ही कुजबूज. तिने किती गळे मिटवले, याची मोजदाद कोण करणार?

म्हणून आम्हांला गोवेकरांचे कौतुक वाटते. मांडवीच्या मुखाशी, पणजीच्या कांपालवर कला अकादमी आहे. तिने केसरबाईंच्या नावाने संगीत समारोह सुरू केला आणि देशभरचे नामवंत कलावंत त्यात हजेरी लावू लागले. केरी गावात केसरबाईंच्या नावाचे हायस्कूल आहे. त्या गावच्या मुली शाळेच्या दाखल्यावर एका कलावंत स्त्रीचे नाव घेऊन घराबाहेर पडतात. तेथे कोणी कुजबुजत नाही, कारण जे मोठ्याने आणि आदराने सांगितले जाते त्याची कुजबूज होत नसते.

आम्हांला सापडलेले उत्तर हेच. हिराबाईंचे नाव दिले तर त्या कोण होत्या हे सांगावे लागेल, तर सांगावे. व्यवस्थेचा गौरव करू नये, तिच्यावर गुलाबपाणीही शिंपडू नये. कोणत्या जन्माने त्यांना काय नाकारले, आणि तरी त्यांनी काय निर्माण केले, हे दोन्ही सांगावे. लेकीसुना ऐकायला आल्या असतील तर अधिकच बरे. त्यांच्यासाठीच ते सांगायचे आहे. अन्यथा किनाऱ्यावर सुंदर रोषणाई होईल, दूरवरून गायिका येतील, टाळ्या पडतील, आणि काही मैलांवर जिने आयुष्य काढले ती बाई पुन्हा एकदा जाळीच्या आड राहील.

काही व्यवहाराच्या गोष्टीही आम्ही त्या तरुणांना कळवल्या आहेत. गाणारणीइतकाच मान तंबोऱ्यावर बसणाऱ्या मुलीला द्यावा. बिदागी आधी ठरवावी आणि वेळेवर द्यावी. राहण्याची सोय अशी असावी की कोणा किशोरीला आपल्या आईसाठी खाली मान घालावी लागू नये. पहिल्या संध्याकाळी निदान अर्धा तास आसपासच्या गावांतल्या वृद्ध स्त्रियांना द्यावा. त्यांच्या ओव्या कोणी लिहून घेतल्या नसतील, तर त्या वेळी लिहून घ्याव्यात. आणि महोत्सव सुरू होण्यापूर्वी संयोजकांनी एकदा पालशेतला जाऊन यावे.

आम्ही स्वतः गेलो होतो. चिपळूणहून सकाळची एस.टी. धरली, गुहागरला उतरलो, पुढे रिक्षा केली. माडांच्या सावलीत वाट शांत होती आणि समुद्राचा आवाज सतत येत होता. मुंबईच्या नाटकगृहांतल्या टाळ्या ऐकलेल्या त्या बाईंना हा आवाज कित्येक वर्षे सोबत करीत होता. वाटेत भेटलेल्या एका आजींना आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "हिराबाई होय? माझी आय सांगायची त्यांचं. गात असत म्हणे." एवढे बोलून त्या थांबल्या, आणि मग आपणहून म्हणाल्या, "नाव घ्या हो त्यांचं, फादर. माणूस गेलं, नावाला काय झालंय?"

त्या गृहस्थांना आम्ही हे शब्द कळवले आहेत. त्यांचे उत्तर अद्याप यायचे आहे.